प्रोग्रामिंगचा मास्तर कोण? टिफ्रॅकपासून आंबागडच्या ओट्यापर्यंत

एरवी मी इथे माझ्या सिम्युलेशनचं रडगाणं गातो. आज थोडा इतिहास सांगणार आहे, आणि त्याला कारण आमच्या आंबागडची चार पोरं.

दिवाळीत घरी गेलो होतो. किल्ल्याच्या पायथ्याचं आमचं गाव, तुमसरच्या जवळ. शेजारच्या ओट्यावर आठवी-नववीतली चार जणं एका मोबाइलवर पायथन चालवत बसली होती. मला बघून एकाची आई म्हणाली, "बाबू, तूच शिकव ना यायले. हे एकमेकायले काय शिकवतीन!"

बसलो. एक पोरगा "एक्स = एक्स + १" या ओळीवर अडकला होता. "दादा, गणितात असं होतच नाही. दोन्हीकडचा एक्स गेला तर शून्य बरोबर एक!" मुद्दा बिनतोड होता. मी व्हेरिएबल, मेमरी, असाइनमेंट असं दहा मिनिटं सांगितलं. त्याने मान डोलावली, म्हणजे कळलं नव्हतं. मग नववीतली मुलगी म्हणाली, "अबे, त्याले 'बरोबर' वाचूच नको. 'टाक' वाच. उजवीकडचं कर अन् डावीकडच्या डब्यात टाक." पोरगा पुढे सरकला. हे कुठे वाचलंस, असं तिला विचारलं. "मीच चार दिवस अडकली होती ना तिथं."

मीही कधीतरी तिथेच अडकलो असणार. पण इतकी वर्षं कोड लिहिल्यावर ती ठेच कुठे लागली होती तेच आठवत नाही. परतीच्या गाडीत मला टिफ्रॅक आठवला.

भारतात पहिला कॉम्प्युटर १९५५ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला. तो इंग्लंडहून विकत आणलेला. त्याच सुमारास मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, म्हणजे टीआयएफआरने, कॉम्प्युटर घरीच बनवायचं ठरवलं. गटाचे प्रमुख रंगास्वामी नरसिंहन. ते १९५४ मध्ये अमेरिकेत शिकून आलेले, गणितात पीएचडी. त्यांच्यासोबतची मंडळी तरुण, आणि त्यांच्यातल्या कुणीही तोवर कॉम्प्युटर वापरलेला नव्हता. देशाबाहेरही कुणी गेलेलं नव्हतं. हाताशी काय, तर परदेशातलं छापील साहित्य आणि एकमेकांची डोकी.

त्यांनी आधी एक लहान प्रायोगिक यंत्र केलं. ते १९५६ मध्ये चालू झालं. मग मोठं यंत्र हाती घेतलं, ते १९६० पासून कामाला लागलं. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव टिफ्रॅक ठेवलं. सुमारे २७०० व्हॉल्व्ह होते त्यात. मेमरी ४० बिटांच्या २०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या हिशोबाने दहा किलोबाइट. गुड मॉर्निंगचा एक फोटोही त्यात मावला नसता!

या यंत्राची गोष्ट सांगताना आपण व्हॉल्व्ह मोजतो, भाभा आणि नेहरूंची नावं घेतो. मला मात्र एक साधा प्रश्न पडतो. यावर प्रोग्राम लिहायला लोक शिकले कसे? प्रोग्राम लिहायचा तो शून्य आणि एकच्या भाषेत, आणि यंत्रात घालायचा तो भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून. ज्याला कालच एखादी गोष्ट जमली, तोच आजचा मास्तर असणार.

जगात इतर ठिकाणीही फार वेगळं नव्हतं. केंब्रिजला १९४९ मध्ये एडसॅक चालू झाला, तेव्हा मॉरिस विल्क्स यांच्या लक्षात आलं की आता उरलेल्या आयुष्याचा बराच भाग स्वतःच्याच प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात जाणार. त्यांच्या गटाने तपासून ठेवलेल्या छोट्या प्रोग्रामांचा संग्रह केला, म्हणजे एकाने सोडवलेलं दुसऱ्याने पुन्हा सोडवायला नको. प्रोग्रामिंगवरचं पहिलं पुस्तक १९५१ मध्ये या गटाकडूनच आलं.

यंत्रावर वेळ मिळणं तेव्हा मुश्कील होतं. पुढे पंच कार्डांचा जमाना आला, तरी कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि छापील उत्तराची वाट बघायची. एक स्वल्पविराम चुकला की दिवस गेला. त्यामुळे गठ्ठा देण्याआधी शेजाऱ्याला दाखवणं ही मैत्री कमी आणि गरज जास्त होती.

जेराल्ड वाइनबर्ग यांनी १९७१ च्या पुस्तकात यावर एक झकास किस्सा दिलाय. एका विद्यापीठाच्या कॉम्प्युटर केंद्रात खाण्यापिण्याची यंत्रं होती आणि तिथे विद्यार्थ्यांचा घोळका गलका करायचा. तक्रार आली, यंत्रं हलवली. थोड्याच दिवसांत दुसरी तक्रार आली, की मदतीच्या टेबलावर सल्लागार अपुरे पडतायत आणि रांग हटत नाही. यंत्रांपाशी गप्पा मारणारी पोरंच आजवर एकमेकांचे प्रोग्राम सोडवत होती!

मला वाटतं, प्रोग्रामिंगमध्ये हे जमतं कारण परीक्षक तिसराच असतो. तबला शिकताना बोल चुकला तर गुरूला ऐकू यावं लागतं. इथे यंत्र स्वतः सांगतं, चाललं नाही. त्यामुळे दोन नवखेही वाद घालून, चालवून बघून पुढे जाऊ शकतात.

मग मास्तर नकोच का? तसं म्हणणारेही आहेत. सुगत मित्रा यांनी १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजीत भिंतीत कॉम्प्युटर बसवला आणि वस्तीतली मुलं आपापसात शिकली. पुढे आपल्या सिंधुदुर्गातल्या खेड्यांतही असे कॉम्प्युटर बसले. तिथल्या मुलांची कौशल्यं तपासणारा परिमला इनामदार यांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो वाचण्यासारखा आहे. पण कॉम्प्युटर वापरणं आणि प्रोग्राम लिहिणं यांत अंतर आहे, ते या उत्साहात झाकलं जातं.

ते अंतर मला ओट्यावरच दिसलं. चौघांच्या सगळ्या प्रोग्राममध्ये नावं एकाच अक्षराची. ए, बी, एक्स. का रे, म्हटलं. "एकाच अक्षराचं लागते ना दादा!" हे त्याच हुशार मुलीने सांगितलेलं. यंत्राने त्यांना कधी टोकलं नाही, कारण एका अक्षराचं नाव चालतंच. यंत्र चूक पकडतं, गैरसमज पकडत नाही. त्याला बाहेरचं काहीतरी लागतं, एखादं पुस्तक किंवा दुसरीकडे हे पाहून आलेला माणूस. टिफ्रॅकच्या गटाजवळ नरसिंहन होते.

म्हणूनच मला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पातली एक पायरी फार आवडते. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या प्रकल्पात दहाएक मिनिटांचे धडे असतात, मराठीतही आहेत. धड्याची संहिता आधी जाणकार तपासतो, आणि नंतर ती नवख्याकडेही जाते. त्याला कळली तरच पुढे. 'मला कळलं नाही' हा तिथे शेरा धरला जातो.

निघायच्या आदल्या दिवशी मी पोरांसाठी व्हेरिएबलवर एक पान लिहिलं. नावं लांब चालतात, 'वय', 'गुण' अशी अर्थाची असावीत, वगैरे. ते आधी नववीतल्या मुलीला दिलं आणि म्हटलं, कळणार नाही तिथे गोल कर. तिने तीन गोल केले. पहिला 'असाइनमेंट'वर होता. वर पेनने लिहिलं होतं: टाक.