कोल्हापूरचे मुसलमान बोर्डिंग आणि सहिष्णुतेचा प्रश्न

धर्मनिष्ठ वसतिगृहात वाढलेला विद्यार्थी विद्यापीठात आल्यावर परधर्मीयांशी कसा वागतो, या प्रश्नाच्या चर्चेत ‘मदरसा’ आणि ‘बोर्डिंग’ या दोन शब्दांची नेहमी गल्लत होते. ‘मदरसा’ हा शब्द अरबी ‘दर्स’ म्हणजे पाठ याच्याशी संबद्ध आहे. तेथे अध्ययन मुख्य, निवास आनुषंगिक. कोल्हापुरी मराठीत रुळलेल्या ‘बोर्डिंगा’ची गोष्ट उलट. तेथे राहावयाचे, जेवावयाचे. शिकावयास मात्र बाहेर जावयाचे.

छत्रपती शाहू महाराजांची योजना या भेदावरच उभी होती. १९०१ मध्ये निघालेल्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगात त्यांनी प्रथम काही मुसलमान मुलांची सोय केली. पुढे १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले व मुसलमान विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र वसतिगृह उघडले. खेड्यातून आलेल्या निराधार मुलास शहरात अन्न मिळावयाचे ते जातभाईंच्याच चुलीवर, हे वास्तव त्यांनी जाणले होते. चुली निराळ्या राहिल्या. पण वरच्या शिक्षणासाठी वाट एकाच राजाराम कॉलेजकडे जात होती. कुराणाचे मराठी भाषांतर करवून घेण्याचा महाराजांचा उपक्रम मी वसतिगृहाइतकाच मोलाचा मानतो. शेजाऱ्याचा धर्मग्रंथ स्वभाषेत वाचावयास मिळणे ही सहिष्णुतेची पहिली सोय होय, आणि तिच्याकडे आपल्या अभ्यासकांचे लक्ष फारच कमी गेले आहे.

तथापि या व्यवस्थेची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासाला धरून होणार नाही. अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्या समारंभास जाऊन आल्यावर स्नान करण्याचे नाकारले, म्हणून भाऊराव पाटलांना कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगातून बाहेर पडावे लागले. म्हणजे चूल निराळी ठेवली की सोवळ्याचा पहाराही तेथेच बसतो. दिवसा एका वर्गात बसणारी मुले रात्री आपापल्या पंगतीत परतत, आणि वर्गाचा संस्कार पंगतीत कितपत पोहोचे हे त्या त्या वसतिगृहाच्या चालकांवर अवलंबून राही. मुसलमान बोर्डिंगासही हाच निकष लावावा लागेल. त्याहून कठोर नव्हे, त्याहून सौम्यही नव्हे.

भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले, तेव्हा ती चूलच एक केली. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहू व जेवू लागली. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे नामकरण झाले. नाव मात्र श्री छत्रपती शाहू बोर्डिंग असेच ठेवले गेले.