जावजी दादाजींचें भांडवल

सन १८६४ ची मुंबई पैशानें फुगली होती. अमेरिकेंत यादवी युद्ध चालू असल्यामुळें तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला होता, आणि हिंदुस्थानच्या कापसास कोणीं स्वप्नांतही न पाहिलेला भाव येत होता. आलेला पैसा ठेवावा कोठें, या विवंचनेंतून बँका निघाल्या, कंपन्या निघाल्या. समुद्र हटवून जमीन करूं पाहणाऱ्या बॅकबे कंपनीच्या शेअरांमागें तर चांगलीं शहाणीं माणसें धांवत सुटलीं. १ जुलै १८६५ रोजीं वायद्यांची मुदत भरली, आणि कालचे लक्षाधीश दिवाळखोरांच्या यादींत दिसूं लागले. बँक ऑफ बॉम्बे ही सरकारचें भांडवल असलेली पेढीही पुढें त्या धक्क्यानें बुडाली.

याच १८६४ सालीं जावजी दादाजी चौधरी नांवाच्या एका पंचविशींतील कारागिरानें छपाईचे खिळे ओतण्याचा लहानसा कारखाना स्वतःच्या हिमतीवर काढला. तो टिकला. कां टिकला, एवढाच प्रश्न आम्हांस येथें विचारावयाचा आहे.

जावजींची हकीकत मराठी वाचकांस अगदींच अपरिचित नाहीं. जन्म १८३९, घरची गरिबी, दहा वर्षांच्या सुमारास अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत खिळे घासण्याचें काम, पगार दरमहा दोन रुपये. चरित्र सांगणारे या दोन रुपयांवर फार रेंगाळतात. मुलांना गोष्ट सांगावयास तें सोयीचेंही आहे. परंतु आमच्या मतें महत्त्व दोन रुपयांस नसून घासण्यास आहे. ओतलेल्या खिळ्याच्या कडेस धातूची बारीक कोर राहते. ती राहूं दिली तर शेजारचा खिळा नीट टेकत नाहीं व ओळ वांकडी जाते. अधिक घासली तर खिळाच बारीक होऊन अक्षर अक्षराच्या अंगावर येतें. इंग्रजीचें काम शंभर-सव्वाशें खिळ्यांत भागतें. आपल्या देवनागरीस काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरें मिळून कित्येक शतकें लागतात, आणि त्या प्रत्येकासाठीं आधीं पोलादाचा ठसा कोरावा लागतो, तो तांब्यावर ठोकून साचा करावा लागतो, मग त्यांत शिशाचा रस ओतावा लागतो. मिशनचे टॉमस ग्रॅहम हे देवनागरी खिळ्यांच्या सुधारणेंत मोठे वाकबगार. त्यांच्या हाताखालीं ज्या पोरानें हजारों खिळे घासले, त्याच्या बोटांस अक्षराचा दोष डोळ्यांआधीं कळूं लागला असल्यास नवल नाहीं.

पुढें टाइम्स ऑफ इंडिया, इंदुप्रकाश, ओरिएंटल अशा छापखान्यांतून त्यांनीं नोकऱ्या केल्या. कोणत्या छापखान्यास कोणतें अक्षर कमी पडतें, कोणाचे खिळे लवकर झिजतात, पैसे वेळेवर कोण देतो, हें सारें अशा नोकरींत आपोआप कळतें. धंदा काढूं पाहणाऱ्यास याहून स्वस्त शिक्षण आमच्या तरी माहितींत नाहीं. उलट त्याचा पगारच मिळतो.

आतां मुख्य गोष्ट. जावजींनीं छापखाना आधीं काढला नाहीं. आधीं खिळ्यांचा कारखाना काढला, आणि छापखान्यासाठीं पांच वर्षें थांबले. हा क्रम बारकाईनें पाहण्याजोगा आहे. छापखानेवाल्यास यंत्र लागतें, कागद लागतो, जुळारी लागतात; पुस्तक छापून झाल्यावरही तें खपेपर्यंत पैसा अडकून पडतो, आणि न खपलेलें पुस्तक शेवटीं वाण्याच्या पुड्यांस जातें. खिळ्याचें तसें नाहीं. न विकलेला खिळा पुन्हां मुशींत टाकतां येतो. चुकलेलें अक्षर वितळवून दुसरें ओतां येतें. नुकसान होतें तें मजुरीचें व कोळशाचें, धातूचें फारसें नाहीं. ज्याच्यापाशीं कौशल्य भरपूर आणि रोकड थोडी, त्यास याहून निर्धोक माल कोणता? शिवाय गिऱ्हाईक कोण, तर उद्यां ज्यांच्याशीं स्पर्धा करावयाची तेच छापखाने!

जावजींच्या आधींची पिढी या वाटेनें गेली होती. गणपत कृष्णाजी हेही अमेरिकन मिशनच्याच छापखान्यांतून बाहेर पडलेले. त्यांनीं शिळाप्रेसवर १८३१ च्या सुमारास पंचांग छापलें, आणि शाईंतील चरबीमुळें छापील पुस्तकास शिवूं न पाहणाऱ्या सोंवळ्या मंडळींसाठीं शाईंत तूप घातलें, असें सांगतात. गिऱ्हाइकाची अडचण त्याची थट्टा न करतां ओळखणें यास आम्ही व्यापारी बुद्धि म्हणतों.

निर्णयसागर छापखाना १८६९ सालीं निघाला. त्यापूर्वीं दोनच वर्षें, १८६७ मध्यें, छापखान्यांचा व पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा झाला होता. छापखाना बाळगणाऱ्यानें मॅजिस्ट्रेटपुढें जाऊन आपलें नांव व जागा जाहीर करावी, आणि प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचें नांव व ठिकाण घालावें, असें त्यानें ठरविलें. कंपन्यांच्या शेअरवाल्यांची जबाबदारी मर्यादित करणारा कायदा १८५७ पासून होता. तो आडोसा एकट्या धन्यास नव्हता, आणि आजही नाहीं. धंद्याचें कर्ज तें त्याचें स्वतःचें कर्ज. दुकान बुडालें कीं देणेकऱ्यांचा हात स्वयंपाकघरांतल्या भांड्यांपर्यंत पोंचावयाचा. आजच्या आमच्या गिरगांव-दादरकडील तरुणास धंद्याची नोंद घरबसल्या करतां येते; परंतु त्या नोंदीनें ही जोखीम रतीभरही कमी होत नाहीं, हें त्यास क्वचितच कोणी सांगतो.

एकट्याचा धंदा म्हणजे एकट्याचें काम मात्र नव्हे. राणूजी रावजी आरू यांच्यासारखा ठसे कोरणारा कसबी माणूस नसता तर निर्णयसागरचें तें डौलदार अक्षर झालें नसतें. आणि १८८६ मध्यें सुरू झालेल्या काव्यमालेमागें पंडित दुर्गाप्रसाद व काशिनाथ पांडुरंग परब यांचा व्यासंग होता. विद्यार्थिदशेंत जुन्या बाजारांत घेतलेली आमची निर्णयसागरी कादंबरी आज पानें ठिसूळ झालीं तरी अक्षरानें तशीच ठसठशीत आहे.

जावजी १८९२ सालीं वारले. त्यानंतरच्या ग्रंथांच्या पहिल्या पानावर धनी म्हणून चिरंजीव तुकाराम जावजी यांचें नांव येतें, पण छापखान्याचा उल्लेख ‘जावजी दादाजींचा निर्णयसागर’ असाच. पुढें पांडुरंग जावजी येतात. आणि १९४० च्या सुमाराचे ग्रंथ उघडावे तों निर्णयसागरसाठीं प्रसिद्ध करणार म्हणून नांव दिसतें तें सत्यभामाबाई पांडुरंग यांचें. खालच्या पत्त्यांत कोलभाट गल्ली तीच आहे.