कर्तृत्वाची शिकवण

आमच्या इतिहासांत कर्तबगार स्त्रियांचीं नांवें थोडीं नाहींत. परंतु त्यांची हकीकत सांगण्याची आमची रीत मोठी विलक्षण आहे. एखाद्या पुरुषानें राज्य सांभाळलें किंवा संस्था उभारली, म्हणजे त्याला कोणीं शिकविलें, कोणाच्या हाताखालीं तो तयार झाला, ह्याची आम्ही कसून चौकशी करतों. तेंच काम स्त्रीनें केलें कीं आम्ही तिला देवी म्हणतों आणि हात जोडून मोकळे होतों. देवीला कोणीं शिकवावें लागत नाहीं, आणि तिच्यासारखी दुसरी तयार करण्याची जबाबदारीही कोणावर येत नाहीं. ह्या भक्तीनें त्या स्त्रियांचा गौरव होतो खरा, पण इतिहासाचें नुकसान होतें. प्रस्तुत लेखांत दोन सर्वपरिचित चरित्रें निराळ्या दृष्टीनें तपासून पाहण्याचा आमचा विचार आहे. स्त्रीच्या हातीं अधिकार यावा म्हणून ज्यांनीं खटपट केली, त्यांच्या श्रमाचें फळ कोणाच्या पदरांत पडलें आणि तें किती काळ टिकलें, एवढाच आमचा प्रश्न आहे.

पहिलें चरित्र अहिल्याबाई होळकरांचें. १७५४ सालीं कुंभेरीच्या वेढ्यांत खंडेराव होळकर मारले गेले, तेव्हां सहगमनास निघालेल्या सुनेस मल्हाररावांनीं परावृत्त केलें, ही गोष्ट सर्वांच्या तोंडीं आहे. त्यापुढें सुमारें बारा वर्षें काय चाललें होतें, इकडे मात्र फारसें लक्ष जात नाहीं. मल्हारराव सदैव स्वारीवर असत. मागच्या प्रांताची व्यवस्था आणि फौजेची रसद हीं कामें त्यांनीं हळूहळू सुनेकडे सोंपविलीं. त्यांचीं १७६५ सालचीं पत्रें उपलब्ध आहेत. चंबळा उतरून ग्वाल्हेरीस जावें, मोठा तोफखाना जवळ बाळगावा, दारूगोळ्याची तजवीज करावी, वाटेच्या बंदोबस्तासाठीं चौक्या बसवाव्या, अशा आशयाच्या सूचना त्यांत आहेत. सुभेदारानें आपल्या भरंवशाच्या सरदारास ज्या सुरांत लिहावें, त्याच सुरांत हा मजकूर लिहिलेला आहे.

म्हणून १७६६ सालीं मल्हारराव आणि पुढल्याच वर्षीं मालेराव वारले, तेव्हां गादीशीं उभी असलेली विधवा राज्यकारभारांत मुरलेली होती. एखादें मूल दत्तक घेऊन त्याच्या नांवानें कारभार चालवावा, हा गंगाधर यशवंतांचा बेत होता, आणि रघुनाथराव त्यास अनुकूल होते. अहिल्याबाईंनीं तो साफ नाकारला. परंतु माधवराव पेशव्यांनीं त्यांचा पक्ष उचलून धरला नसता आणि तुकोजी होळकरांनीं फौजेची बाजू सांभाळली नसती, तर नुसत्या बाणेदारपणानें निभावलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं.

ह्या साहाय्याचें फळ माळव्याच्या रयतेस मिळालें. सर जॉन माल्कमनें १८२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तांतांत त्याची साक्ष आहे, आणि ती परक्याची असल्यामुळें अधिक मोलाची आहे. बाई रोज उघड्या दरबारांत बसत. सारा माफक असे. अंमलदार वारंवार बदलले जात नसत. खरगोण येथील दोन धनाढ्य सावकार निपुत्रिक वारले असतां त्यांच्या विधवा आपली सारी दौलत बाईंस अर्पण करण्यास आल्या. ती न घेतां, आपल्या गांवाच्या उपयोगी कामांत ती खर्च करा, असें बाईंनीं त्यांस सांगितलें. ज्या राज्यांत विधवेच्या पैशावर सरकारचा डोळा नाहीं, तेथें सावकार पैसा पुरून ठेवीत नाहीं. तो व्यापारांत घालतो, आणि मग विणकरास सूत व शेतकऱ्यास बीं मिळतें. इंदूर हें लहानसें गांव ह्याच काळांत भरभराटीस आलें, त्याचें इंगित ह्यांत आहे.

परंतु ह्या चित्राची दुसरी बाजू झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. १७९१ सालीं अहिल्याबाईंचे जांवई यशवंतराव फणसे वारले आणि मुक्ताबाई सती जाण्यास सिद्ध झाल्या. आईनें परोपरीनें विनविलें, पण व्यर्थ. सासऱ्याच्या शब्दानें जी स्वतः चितेवरून परतली होती, तिला राज्याची धनीण असूनही पोटच्या मुलीस परतवितां आलें नाहीं. पुढें १७९५ सालीं बाई वारल्या, दोन वर्षांनीं तुकोजी गेले, आणि त्यांच्या मुलांत भाऊबंदकी माजली. १८०२ सालीं यशवंतराव होळकरांनीं पुणें जिंकलें. १८१८ च्या मंदसोरच्या तहानें होळकरांचें स्वातंत्र्य संपलें. ह्याचा दोष आम्ही अहिल्याबाईंस देत नाहीं. मल्हाररावांनीं एका सुनेस शिकविलें. सुना शिकविण्याची रूढी त्यांनीं पाडली नाहीं, आणि त्या काळीं ती पाडणें त्यांच्या हातीं नव्हतें. जें एका माणसाच्या कृपेनें एका व्यक्तीस मिळालें, तें त्या व्यक्तीबरोबर गेलें.

दुसरें चरित्र ह्यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं पुण्यांत घडलें. १८७३ सालीं न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे ह्यांचें दुसरें लग्न अकरा वर्षांच्या रमाबाईंशीं झालें. पुनर्विवाहाच्या पुरस्कर्त्यानें वडिलांच्या आग्रहास्तव कुमारिकेशीं लग्न केलें, ह्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली, आणि ती अस्थानीं होती असें म्हणवत नाहीं. पण ह्या मुलीस अक्षरओळखीपासून इंग्रजीपर्यंत त्यांनीं स्वतः शिकविलें. घरांतील वडील बायकांस हें खपत नसे. टोमणे, अबोला, कामाचा जाच हें सर्व रमाबाईंनीं १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत मोकळेपणानें लिहिलें आहे. १८८४ सालीं हुजूरपागेंतील मुलींचें हायस्कूल निघालें, त्या चळवळींत रानड्यांनीं त्यांस सभेपुढें उभें केलें.

१९०१ सालीं रानडे वारले. येथपर्यंत हें चरित्र पहिल्यासारखेंच आहे: समंजस पुरुष, शिकविलेली स्त्री, आणि वैधव्य. परंतु १९०९ सालीं पुण्यास सेवासदन स्थापन झालें, आणि येथें दोन्ही चरित्रांची वाट वेगळी झाली. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर ह्यांच्या साहाय्यानें रमाबाईंनीं तेथें प्रौढ बायकांचे वर्ग काढले, शिक्षिका तयार केल्या, आणि ससून रुग्णालयांत परिचारिका व सुइणी ह्यांच्या शिक्षणाची सोय केली. येणाऱ्यांत तरुण विधवा पुष्कळ असत. पांढरपेशा घरच्या विधवेनें परक्या रोग्याची शुश्रूषा करावी, ही कल्पनाच त्या वेळीं लोकांस असह्य होती.

अशी एक विधवा शिकून बाहेर पडली म्हणजे काय होई, ह्याचा वाचकांनीं विचार करावा. पुरुष मास्तराच्या शाळेंत जे आईबाप मुलगी धाडीत नसत, ते बाई शिकवावयास आली म्हणजे धाडीत. परपुरुष डॉक्टरास जी बाळंतीण दाराआड उभें करी, ती शिकलेल्या सुइणीस जवळ येऊं देई. विधवेच्या माहेरचा भार हलका होई, हें तर निराळेंच. एका स्त्रीच्या शिक्षणाचा लाभ अशा रीतीनें ज्यांनीं तिला कधीं पाहिलेंही नव्हतें अशांच्या घरीं पोंचे. १९२० सालीं पुण्याच्या नगरपालिकेंत सक्तीचें प्राथमिक शिक्षण मुलग्यांपुरतेंच ठेवावें कीं मुलींसही द्यावें, हा वाद पेटला, तेव्हां मुलींच्या बाजूनें शहरांतील बायका रस्त्यावर आल्या आणि रमाबाई त्यांच्या अग्रभागीं होत्या. अहिल्याबाईंच्या मागें रयत होती. रमाबाईंच्या मागें त्यांच्यासारख्याच चालूं लागलेल्या बायका होत्या. १९२४ सालीं रमाबाई वारल्या, पण सेवासदन चालूच राहिलें.

हा भेद पुढें कायद्यानेंही ओळखला. १९९३ च्या एप्रिलांत अमलांत आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें पंचायतींत एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठीं राखल्या, आणि महाराष्ट्रानें २०११ सालीं हें प्रमाण निम्म्यावर नेलें. राघवेंद्र चट्टोपाध्याय व एस्थर डुफ्लो ह्यांनीं बंगालमधील बीरभूम व राजस्थानांतील उदयपूर येथील पंचायती तपासून २००४ सालीं असें दाखविलें कीं, जेथें प्रमुखपद स्त्रीकडे राखीव होतें, तेथें पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च झाला. पाणी बायका भरतात, पण पितो सारा गांव. पुढें २०१२ सालीं बंगालमधील ४९५ खेड्यांच्या पाहणींत आढळलें कीं, जेथें दोन वेळां स्त्रीप्रमुख झाली होती, तेथें मुलींविषयीं आईबापांच्या आकांक्षा वाढल्या आणि शिक्षणांतील मुलगे व मुली ह्यांमधील अंतर नाहींसें झालें. गांवच्या मुली शाळेंतील धड्यावरून शिकल्या नाहींत तें चावडीवर बसलेल्या बाईकडे पाहून शिकल्या.

ह्यावर एक आक्षेप हमखास येतो. सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा, असें कित्येक ठिकाणीं चालतें. ‘सरपंचपति’ हा शब्दच त्यांतून रूढ झाला आहे. आक्षेप खरा आहे. पण तो अधिकाराविरुद्ध नसून अपुऱ्या अधिकाराविरुद्ध आहे. मल्हाररावांनीं सुनेच्या हातीं नुसता शिक्का दिला नव्हता. तोफखान्याचा हिशेब दिला होता. रानड्यांनीं पत्नीस सभेंत नुसतें बसविलें नव्हतें. बोलण्यासाठीं उभें केलें होतें.

आमच्या सुशिक्षित कुटुंबांत मुलीस पदवी मिळते, पण जमिनीचे कागद, विम्याचे व बँकेचे व्यवहार आणि पंचायतीचा वा सोसायटीचा हिशेब हीं अजून पुष्कळ घरांत मुलग्याचीं कामें समजलीं जातात. पुढें प्रसंग पडला म्हणजे तिनें अहिल्याबाई व्हावें अशी मात्र आमची अपेक्षा असते. घरांतील हिशेबाची वही मुलीपुढें उघडून ठेवणें हें काम लहान दिसतें. परंतु ज्या दोन चरित्रांस आम्ही वंदन करतों, त्या दोहोंचाही आरंभ असल्याच लहान कामांत झाला होता.