बाहुसहनशक्तिमापन, स्त्रियांचे

हातांनी एखादे काम पुनःपुन्हा करीत राहण्याची किंवा एखादा भार एकाच स्थितीत पेलून धरण्याची क्षमता म्हणजे बाहूंची सहनशक्ती होय. बळ आणि सहनशक्ती या भिन्न गोष्टी आहेत. एका प्रयत्नात जास्तीत जास्त जो जोर लावता येतो ते बळ. त्याहून कमी जोराचे काम जितका काळ चालू ठेवता येते ती सहनशक्ती. निरोगी स्त्रियांच्या बाहुसहनशक्तीचे वयोमानानुसार मापन करण्याचे प्रयत्न शरीरक्रियाविज्ञानात बऱ्याच उशिरा झाले. स्त्रियांचे हात घरी व शेतात नित्य राबत असले, तरी ते श्रम हा संसाराचा परिपाठ मानला गेला. शारीरिक क्षमता म्हणून त्यांची गणना झाली नाही. या विषयाचा इतिहास पाहताना सातारा व सांगली या जिल्ह्यांचा परिसर विशेष उद्‌बोधक ठरतो.

पूर्वपीठिका : हा प्रदेश पूर्वी मुख्यतः सातारा जिल्हा व त्याच्या लगतची संस्थाने यांत विभागलेला होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. पिठाच्या गिरण्या गावोगाव पोहोचण्यापूर्वी पहाटे जात्यावर दळणे, उखळात कांडणे, आडातून पोहऱ्याने पाणी शेंदणे ही कामे स्त्रियांकडे असत. माण, खटाव, आटपाडी, जत यांसारख्या अवर्षणप्रवण भागांत पाण्यासाठी दूरवर जावे लागे. यांपैकी दळण्यात खांदा, दंड व मनगट यांचे स्नायू दीर्घकाळ लयबद्ध रीतीने काम करतात, तर भरलेली घागर धरताना ते स्थिर ताणात राहतात. सहनशक्तीचे गतिज व स्थितिज असे जे दोन प्रकार मानतात, ते दोन्ही या कामांत आढळतात. तथापि मोजमाप होई ते दळलेल्या पायलीचे व आणलेल्या घागरींचे. ते काम करणाऱ्या हातांचे नव्हे.

औंध संस्थानातील प्रयोग : स्त्रियांचा व्यायाम संख्येत मोजण्याची पद्धत या भागात औंध संस्थानामुळे रूढ झाली. या संस्थानाचा मुलूख विखुरलेला होता. राजधानी औंध आज सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी व कुंडल हे भाग सांगली जिल्ह्यात मोडतात. संस्थानाधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे १९०९ मध्ये गादीवर आले. सूर्यनमस्कारांचा त्यांनी आयुष्यभर पुरस्कार केला, त्यांवर मराठीत व इंग्रजीत पुस्तके लिहिली आणि संस्थानातील शाळांत मुलांबरोबर मुलींनाही नमस्कार घालावयास लावले. राजघराण्यातील स्त्रियाही हा व्यायाम करीत. लुइझ मॉर्गन या पत्रकार महिलेने संपादित केलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाले व त्यामुळे हा व्यायाम परदेशी वाचकांपर्यंत पोहोचला.

सूर्यनमस्काराच्या मधल्या अवस्थांत शरीराचा बराच भार तळहातांवर येतो. शरीर जमिनीकडे नेताना व पुन्हा उचलताना दंडाच्या मागील स्नायूंना आणि खांद्यांना श्रम पडतात. त्यामुळे नमस्कारांची संख्या ही बाहुसहनशक्तीची एक ढोबळ खूण ठरू शकते. मात्र तिला शास्त्रीय मापन म्हणता येत नाही. प्रत्येकीचा भार तिच्या शरीराच्या वजनानुसार बदलतो, नमस्काराची गती ठरलेली नसते आणि पाय, पाठ, श्वसन यांचाही त्यात वाटा असतो. शिवाय ठरवून दिलेली संख्या पुरी करणे हा व्यायामाचा नेम होता. थकवा येईपर्यंत क्षमता पडताळणे हा त्याचा हेतू नव्हता. तरीही मुलींच्या व प्रौढ स्त्रियांच्या हातांचा व्यायाम उघडपणे मोजण्याजोगा मानला गेला, हे त्या काळाचा विचार करता लक्षणीय आहे.

मापनसाधनांचा विकास : फ्रान्समध्ये एद्‌मे रेन्ये यांनी १७९८ मध्ये बलमापकाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याने पकडीचे बळ मोजता येई, सहनशक्ती नव्हे. ही उणीव इटलीतील तूरिन येथील शरीरक्रियावैज्ञानिक आंजेलो मोस्सो (१८४६–१९१०) यांनी १८८४ च्या सुमारास तयार केलेल्या एर्गोग्राफने भरून काढली. या उपकरणात हात घट्ट बांधून मधल्या बोटाने ठराविक तालावर वजन उचलावे लागे व प्रत्येक उचल फिरत्या कागदावर उमटे. थकव्याची वक्ररेषा व्यक्तिपरत्वे वेगळी असते, असे मोस्सो यांना आढळले. थकव्यावरील त्यांचा ग्रंथ १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे जर्मनीतील व्हाल्टर रोमर्ट यांनी १९६० मध्ये स्थिर ताणाचा नियम मांडला. कमाल बळाच्या निम्मा जोर सुमारे एक मिनिटच टिकतो व जोर जसजसा कमी होतो तसतसा हा काळ झपाट्याने वाढतो, असे त्यावरून दिसते.

फुप्फुसांच्या विकारांच्या अभ्यासातून या विषयास नवी दिशा मिळाली. खांद्याभोवतालचे काही स्नायू श्वसनासही साहाय्य करतात. हात आधाराविना उचलून काम करताना ते दुहेरी कामात गुंततात व रुग्णास धाप लागते, असे बार्तोलोमे चेली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखविले. यातून सहा मिनिटांची खुंटी व कडी चाचणी पुढे आली. तिच्या पडताळणीचे संशोधन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत व्यक्ती खुर्चीवर बसून, खांद्याच्या पातळीवरील दोन खुंट्यांवरची कडी दोन्ही हातांनी २० सेंमी. उंचावरील खुंट्यांवर नेते व पुन्हा खाली आणते. सहा मिनिटांत हलविलेल्या कड्यांची संख्या म्हणजे तिचा गुणांक होय. साधने स्वस्त असल्याने लहान रुग्णालयांतही ही चाचणी घेता येते. साठीपुढील व्यक्तींसाठी अमेरिकेत रॉबर्टा रिक्ली व जेसी जोन्स यांनी प्रचारात आणलेल्या चाचणीत ३० सेकंदांत कोपर किती वेळा वाकविता येते हे मोजतात. स्त्रियांसाठी वजन सु. २·३ किग्रॅ. असते.

वय आणि प्रमाणके : पकडीचे बळ साधारणपणे पंचविशी ते चाळिशीच्या दरम्यान सर्वाधिक असते व पुढे हळूहळू घटते. सहनशक्तीचे तसे सरळ नाही. प्रत्येकीच्या स्वतःच्या कमाल बळाच्या ठराविक प्रमाणात भार दिल्यास वृद्ध स्त्रिया तरुणींइतका, कधी त्याहूनही अधिक काळ तग धरतात. सर्वांना समान वजन दिल्यास मात्र त्या लवकर थकतात. घागरीचे वजन वयानुसार कमी होत नसल्याने व्यवहारात दुसरी कसोटीच खरी ठरते.

म्हणूनच प्रत्येक वयोगटातील निरोगी स्त्रियांची प्रमाणके आवश्यक असतात. दमा, हृदयविकार किंवा स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया यांनंतर एखाद्या पन्नाशीच्या स्त्रीचा गुणांक कमी आल्यास तो रोगाचा परिणाम की वयाचा, हे तिच्याच वयाच्या निरोगी स्त्रियांशी तुलना केल्याखेरीज ठरविता येत नाही. परदेशी अथवा पुरुषांवरून काढलेली प्रमाणके लावल्यास दोन प्रकारच्या चुका संभवतात : निरोगी स्त्री दुबळी ठरते, किंवा शेतकामाने हात कसलेल्या स्त्रीची खरी घट नजरेतून सुटते. उंची, हाताची लांबी व नित्याचे काम यांचाही गुणांकावर परिणाम होतो. कराड व सांगली येथे भौतिकोपचाराच्या शिक्षणाची सोय असल्याने अशी प्रमाणके याच परिसरातील शेतकरी, कामगार व नोकरदार स्त्रियांवरून ठरविणे शक्य आहे. तसे झाल्यास दळणाच्या पायल्या व नमस्कारांची संख्या यांपासून सुरू झालेली ही मोजणी, ज्या हातांविषयी ती आहे त्यांच्या उपचारासाठी उपयोगी पडेल.