तबकडीवरचा हवामहाल

४. येथे उल्लेख आहे तो बंगळुरूच्या टायटन कंपनीच्या ‘नेब्युला जलसा’ या घड्याळाचा. अशी घड्याळे फक्त 10. संगमरवरी तबकडीवर जयपूरचे पद्मश्री शाकिर अली यांनी हवामहालाचे लघुचित्र रंगवले आहे. या परंपरेत खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला वापरतात. इथे तो घड्याळाच्या तबकडीएवढ्या जागेत चालवायचा होता. आत ‘तूर्बियाँ’: तोलचक्र बसवलेला पिंजराच गोल फिरतो, त्यामुळे गुरुत्वाकर्षणाने वेळेत पडणारा फरक भरून निघतो. घड्याळकार ब्रेगेने त्याचे पेटंट 1801 मध्ये घेतले. हवामहाल 1799 चा, म्हणजे दोन्ही समकालीन. मूळ मजकुरात चित्रकाराचे नाव नाही. कंपनीइतकेच तेही वाचकाला ठाऊक हवे, म्हणून येथे दिले. — संपा.