एकच नाव, दोन उमेदवार: रायगडमध्ये तटकरे २,११० मतांनी कसे हरले होते?

पनवेलकरांच्या पत्त्यात जिल्हा रायगड असतो, पण लोकसभेला ते मत देतात मावळमध्ये. त्यामुळे २०१४ ची रायगडची लढत पनवेलने शेजाऱ्यासारखी बघितली. लढत मात्र अशी झाली की आजही निवडणूक आली की तिचा विषय निघतो.

शिवसेनेचे अनंत गीते विरुद्ध राष्ट्रवादीचे सुनील तटकरे. गीतेंना मतं पडली ३,९६,१७८ आणि तटकरेंना ३,९४,०६८. फरक फक्त २,११० मतांचा. गीते पुढे केंद्रात मंत्री झाले.

पण खरी गंमत (तटकरेंसाठी अर्थातच नाही) यादीत खाली होती. सुनील तटकरे याच नावाचे एक अपक्ष उमेदवारही उभे होते. त्यांना मतं मिळाली ९,८४९!

म्हणजे ही मतं देणाऱ्या दर पाच जणांपैकी साधारण एकाला जरी राष्ट्रवादीच्या तटकरेंनाच मत द्यायचं असेल, तरी निकाल फिरला असता. आता मत गुप्त असतं, त्यामुळे कोण चुकलं आणि कोणी ठरवून दिलं हे सिद्ध करता येत नाही. आणि सगळं खापर नावावर फोडणंही बरोबर नाही. शेकापने तेव्हा रमेश कदम यांना उभं केलं होतं आणि त्यांनी लाखाहून जास्त मतं घेतली. अलिबाग-पेण पट्ट्यात शेकापची ताकद काय होती, हे रायगडवाल्यांना सांगायला नको. २०१९ ला तोच शेकाप तटकरेंसोबत होता आणि तटकरेंनी गीतेंना ३१,४३८ मतांनी हरवलं.

मग नामसाधर्म्याचे उमेदवार रोखता येत नाहीत का? नाही. नाव सारखं आहे म्हणून अर्ज बाद होत नाही. दोन नावं अगदी एकसारखी असतील, तर व्यवसाय, राहण्याचं ठिकाण वगैरे लिहून फरक दाखवायचा, एवढंच नियम सांगतो. मे २०२४ मध्ये हा विषय सुप्रीम कोर्टात गेला होता. आई-वडिलांनी सारखं नाव ठेवलं म्हणून कुणाचा निवडणूक लढवण्याचा हक्क काढून घ्यायचा का, असा सवाल करत कोर्टाने याचिका ऐकायला नकार दिला.

एक बदल मात्र झाला. १ मे २०१५ नंतरच्या निवडणुकांसाठी आयोगाने मतदान यंत्रावर उमेदवाराचा फोटो लावायला सांगितलं, तोही सारख्या नावांचा गोंधळ टाळण्यासाठीच. रायगडच्या मतदारांसमोर २०१४ ला फक्त नाव आणि चिन्ह होतं. मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार यादीत वर असतात आणि अपक्ष खाली. त्यामुळे नाव ओळखीचं वाटलं तरी बटण दाबण्याआधी चिन्ह बघून घ्या.