सुकडी : दुष्काळाने वाढलेला गोड पदार्थ

१/ अमेरिकेतील १९५०च्या दशकातील पाककृतींची पाने अधूनमधून समाजमाध्यमांवर फिरत असतात. रंगीत जेलीत गोठवलेल्या भाज्या पाहून आपण हसतो आणि पुढे सरकतो. आपल्याकडेही असा एक गोड पदार्थ होऊन गेला, की त्याचे नाव काढताच वडीलधारी माणसे तोंड वाकडे करतात आणि मग थोडा वेळ गप्प होतात. त्याचे नाव सुकडी. आजचा थ्रेड तिच्यावर.

२/ प्रथम प्रदेश समजून घेऊ. १९७२ साली लातूर हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. तो १९८२ साली उस्मानाबादमधून वेगळा झाला. नांदेड-लातूरचा हा पट्टा कोरडवाहू शेतीचा आणि ज्वारीचा. भाकरी ज्वारीची, आंबिलही ज्वारीचेच. गोडधोड मात्र सणावारी : पुरणपोळी, गुळवणी, गव्हाची खीर.

३/ या भागाचा स्वतःचा सण म्हणजे वेळ अमावास्या, बोलीत येळवस. मार्गशीर्षातील या अमावास्येला सारे गाव शेतात जाते. भज्जी, आंबिल, उंडे आणि गव्हाची खीर शिवारात नेऊन आधी काळ्या आईची पूजा होते, मग वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवले जाते. गोड खाणे म्हणजे आपल्या रानात, आपल्या हाताने, दुसऱ्याला वाढून खाणे, हा अर्थ ध्यानात ठेवा. पुढे तो लागणार आहे.

४/ अपुऱ्या पावसाच्या वर्षांमागून १९७२चा पावसाळाही फसला. १९७२-७३ हंगामातील वेळ अमावास्या जानेवारी १९७३च्या पहिल्या आठवड्यात आली. त्या वेळी मराठवाड्यातील असंख्य कुटुंबे स्वतःच्या शेतात नव्हती. ती दुष्काळी कामांवर होती : खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध.

५/ या कामांचा आवाका प्रचंड होता. मे १९७३मध्ये महाराष्ट्रभर अशा कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात पोहोचली. त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. मजुरी हातात पडली, तरी बाजारात धान्य मिळेलच याची खात्री नव्हती. तेव्हा रेशनवर आला मिलो, म्हणजे अमेरिकेतील तांबूस ज्वारी. तिकडे ती मुख्यतः जनावरांना घालतात, ही गोष्ट इकडेही कळली आणि भाकरीपेक्षा तीच अधिक बोचली.

६/ आणि आली सुकडी. गुजरातेत सुखडी नावाचा एक उत्तम पदार्थ आहे : गव्हाचे पीठ तुपात खरपूस भाजायचे, त्यात गूळ मिसळायचा, थापून वड्या पाडायच्या. तिचे हे दुष्काळी भावंड. भाजलेले पीठ आणि गोडवा हा गाभा तसाच राहिला. तुपाचा सुवास तेवढा गेला. तिचा उद्देश अगदी नेमका होता. कष्टाचे काम करणाऱ्या शरीराला व वाढत्या मुलांना थोडक्यात अधिक उष्मांक द्यायचे, तेही चूल, भांडी आणि स्वयंपाकी यांच्यावाचून.

७/ मग ती नकोशी का झाली? पहिले कारण साधे आहे. कोरडे पीठ घशाखाली उतरायला पाणी लागते, आणि त्या वर्षी पाणीच नव्हते. दुसरे कारण सवयीचे. ज्वारीची भाकरी आणि झणझणीत कोरड्यास यांवर वाढलेल्या जिभेला भूक लागली की तिखट-मीठ हवे असते. रोज, त्याच चवीचे, भर उन्हातले गोड तिला झेपत नाही.

८/ तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. येळवसेची खीर वाढणारा हात आपला असतो. सुकडी घेण्यासाठी रांगेत उभे राहून हात पुढे करावा लागे. ज्याच्या घरी कालपरवापर्यंत सालगडी होता, तोही त्याच रांगेत आणि तो सालगडीही त्याच रांगेत. पदार्थ गोड होता. प्रसंग गोड नव्हता.

९/ तुलनेसाठी मागे जाऊ. १८७६-७८च्या महादुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी ब्रिटिश मुलखातील दुष्काळी कामांवर मजुराचा रोजचा धान्याचा हिस्सा एक पौंडावर, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅमवर आणला. माणूस किती कमी अन्नावर जगेल, हा त्यामागचा हिशेब. मुंबई इलाख्यातील मजुरांनी त्याविरुद्ध कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली.

१०/ सुकडीमागचा हिशेब याच्या उलट होता : जगण्यापुरत्या अन्नावर आणखी काय देता येईल? हा बदल लहान नाही. १९७२-७३मध्ये पीक बुडाले, जनावरे गेली, माणसे गावे सोडून गेली. परंतु एकोणिसाव्या शतकातील दुष्काळांसारखे माणसांचे सामूहिक मृत्यू टळले. त्याचे मोठे श्रेय कामांना आणि मजुरीला जाते. थोडेसे श्रेय त्या बेचव पिठालाही द्यावे लागेल.

११/ ब्रिटनमध्येही दुसऱ्या महायुद्धात असेच घडले. आईस्क्रीम मिळेना, तेव्हा मुलांच्या हाती काडीला टोचलेली गाजरे आली. तेथील मिठाईवरील रेशनिंग १९५३ साली उठले. आज त्या गाजरांची छायाचित्रे तिकडे कौतुकाने पाहिली जातात. आपल्याकडे सुकडीचे छायाचित्र कोणी जपून ठेवल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

१२/ दुष्काळी कामांमधून रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे तिचे शिल्पकार. १९७७चा तिचा कायदा २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला आणि २००५च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यामागे हाच अनुभव होता. हा इतिहास आपण परीक्षेसाठी पाठ करतो. सुकडी मात्र अभ्यासक्रमात नाही. ती बालवाड्या-अंगणवाड्यांमधून पुढे चालत राहिली आणि नंतर पाकिटातही आली.

१३/ सरकारी अहवालांत मजुरांचे आकडे सापडतात, धान्याचे टन सापडतात. चव सापडत नाही. ती ज्यांच्या जिभेवर आहे, ती माणसे आज साठी-सत्तरी ओलांडून गेली आहेत. अभिलेखागार उद्याही उघडे असेल. त्यांचे तसे नाही.

१४/ माझी आजी लातूरकडची. खडी फोडायला गेली, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. मागच्या वर्षी माझ्या भाच्यासाठी अंगणवाडीतून सुकडीचे पाकीट आले. आजीने ते उघडले, वास घेतला आणि बाजूला ठेवले. मला वाटले, आता हे म्हशीपुढे जाणार. संध्याकाळी पाहतो तर चुलीवर कढई होती. तिने त्या पिठात दोन चमचे तूप घातले, मंद आचेवर ते परतले, वरून वेलदोडा कुटून टाकला आणि वाटी भाच्यापुढे सरकवली. "आता खा," एवढेच म्हणाली.

१५/ तुमच्या घरी बहात्तरचा दुष्काळ पाहिलेले कोणी असेल, तर आज त्यांच्याजवळ बसा. किती माणसे कामावर होती, हे विचारू नका. ते अहवालात मिळेल. सुकडी कशी लागायची, कशात घ्यायचे, घरी कोणासाठी राखून आणायचे, हे विचारा. ऐकलेले लिहून ठेवा. शक्य असल्यास गावाच्या नावासह इथे खाली सांगा. आपण मिळून ही नोंद करू.